गाडीचं तोंड बंद

दक्षाबेन गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांची दोन बोटं दोन कानांत होती. त्यामुळे दार त्यांना कोपरानं ढकलावं लागलं. बन्सीलाल पाटलाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मोठ्या कॉलनीतल्या बायका अशाच उतरत असतील, असं त्याला वाटलं.

"भाई, आ गाडी छे के जनरेटर?" दक्षाबेन ओरडल्या.

"गाडीच आहे बेन," बन्सीलाल नम्रपणे म्हणाला. "जनरेटरला चाकं नसतात."

सुरतेजवळ हजिऱ्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीत दक्षाबेन महिला मंडळ चालवत. मंडळ दर शनिवारी पर्वत पाटियाकडच्या साड्यांच्या बाजारात जाई. त्यासाठी त्यांना एक बांधलेली गाडी हवी होती, आणि बन्सीलालला एक बांधलेलं काम हवं होतं. गाडी म्हणजे डिझेलची जुनी व्हॅन. एका व्यापाऱ्यानं तिच्यातून साड्यांचे गठ्ठे वाहिले होते आणि तिच्यात वाहण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती बन्सीलालला विकली होती. बन्सीलालनं तिला रंग दिला, आत सीटा बसवल्या, पुढं काचेला लिंबू-मिरची टांगली आणि भेस्तानच्या आपल्या गल्लीतून ती हजिऱ्याला दाखवायला नेली. दक्षाबेन कॉलनीला एक चक्कर मारून आल्या, त्या अशा कानात बोटं घालून.

"हिच्यात बायका बोलणार कशा?" त्यांनी विचारलं.

"बोलायला तर बाजारात पोचल्यावर..."

"भाई, आम्ही काय साड्या घ्यायला जातो? साड्या घरी आणून देणारे पन्नास आहेत. आम्ही बोलायला जातो. जाताना एक तास, येताना एक तास. मधे बाजार येतो, त्याला इलाज नाही." मग त्या जरा मऊ झाल्या. "माणूस तुम्ही चांगले दिसता. पुढच्या महिन्यात पुन्हा बसून बघते. गाडी गप्प झाली असेल तर वर्षभर तुमचीच. नसेल, तर जय जिनेंद्र."

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, दुसरी गाडी बघा. बन्सीलालला ते म्हणता येत नव्हतं. उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, तो तीस वर्षं मास्टर होता. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा. एके दिवशी मुनीमनं सगळ्यांदेखत त्याला बहिरा म्हटलं. बन्सीलालनं तिथल्या तिथं हातातला पाना खाली टाकला आणि यापुढं या दारात पाय ठेवणार नाही असं एक जोरदार भाषण केलं. लूम चालू असल्यामुळे ते कोणालाच ऐकू गेलं नाही. तेच भाषण त्याला बाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, पुन्हा करावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्यात तो जोर राहिला नव्हता. तेव्हापासून मुनीम येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप धाडत होता: बन्सीचं स्टूल पुसून ठेवलंय. हे काम मिळालं नाही, तर त्या पुसलेल्या स्टुलावर जाऊन बसण्यावाचून गती नव्हती. मुनीम काही बोलणार नव्हता. नुसता हसणार होता. लूमच्या आवाजात हसणंही ऐकू येत नाही, पण दिसतं.

तर गाडी गप्प करायची. यात पहिली अडचण अशी, की गाडीला आवाज आहे हे बन्सीलालला पटतच नव्हतं.

"आवाज शे का इले?" त्यानं घरी आल्यावर बायकोला, शोभाबाईला विचारलं.

शोभाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमना कान खातामाच राही गयात. मी तीस वरीसपाईन बोली राह्यनी, काय ऐकू उनं तुमले?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दीडशे लूममधे एकाचा धागा तुटला तर बन्सीलालला पाठमोरं असताना कळायचं. पण घरात मीठ संपलंय हे समोरासमोर सांगितलं तरी कळायचं नाही. त्याच्या कानांना मोठ्या आवाजातलं बारीक तेवढं ऐकायची सवय. नुसतं बारीक असेल तर त्यांना ते हलकं काम वाटे.

गाडीला आवाज आहे याची खात्री गल्लीनं करून दिली. भेस्तानच्या त्या गल्लीत निम्मे लोक खानदेशातले, लूमवर किंवा रंगाच्या कारखान्यात जाणारे. सगळेच ओरडून बोलणारे. तिथं एकानं शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागितली तर चार घरं पलीकडची बाई साखर घेऊन येई. अशा गल्लीनं एकमुखानं सांगितलं की बन्सीभाऊची गाडी आली की त्रास होतो. यापुढं काय बोलणार?

पहिला सल्ला पोपटरावांचा. पोपटराव रेल्वेतून रिटायर झालेले, समोरच्या घरात राहणारे. भीमगीतांची एक पार्टी ते चालवत आणि तिच्यात हार्मोनियम वाजवत. आवाज या विषयात गल्लीत त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नव्हता. निदान त्यांच्या मते नव्हता.

"पाटील, आवाज म्हणजे काय असतं?" त्यांनी खुर्ची बाहेर आणून विचारलं.

"काय असतं?"

"आवाज म्हणजे लाट. लाट कुठं मोडते? खाचाखोचांत. आम्ही कॅसेट भरायला स्टुडिओत गेलो होतो, तेव्हा मी नीट बघितलं. सगळ्या भिंतींना काय लावलं होतं, सांगा."

"गादी?"

"अंड्यांचे ट्रे! कागदाचे. एकाला एक चिकटवून. आत माणूस खोकला तर खोकला तिथंच मरून पडतो. बाहेरच जात नाही."

"त्या दिवशी तुमचा तबलजी पण आत मरून पडला होता," आतून त्यांची बायको केशरबाई म्हणाली. "गुदमरून. पाणी मारलं तेव्हा उठला."

"तो उपाशी होता," पोपटराव म्हणाले.

दुसरा सल्ला हिलालचा. हिलाल बाजारातून साड्यांच्या चिंध्या गोळा करून विकायचा. घरात नवराबायको सोडून उरलेल्या जागेत चिंध्याच होत्या. जगातली कोणतीही अडचण चिंधीनं सुटते असं तो मानायचा. पोरगं रडतं, चिंधीची गोधडी करा. नळ गळतो, चिंधी बांधा. "बन्सीभाऊ, दरवाजे पोकळ आहेत तुमच्या गाडीचे. पोकळ वस्तू वाजणारच. ढोल कशामुळं वाजतो? भरून टाका. माझ्याकडं जॉर्जेट आहे, शिफॉन आहे. भारी माल लावू."

आणि तिसरा लोटू मिस्त्री. याचं हायवेवर वेल्डिंगचं टपरं होतं. लोटू बोलायचा कमी आणि तेवढ्यातही माणसाचा अपमान करायचा. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि थुंकला. "सायलेन्सर आहे कुठं हिला? ही तर पुंगी आहे." मग त्यानं भंगारातल्या एका ट्रकचा सायलेन्सर आणला आणि पहिल्याच्या मागं जोडून दिला. गाडीच्या मागं आता वीतभर लोखंड बाहेर आलं. गतिरोधक आला की ते आधी जमिनीला नमस्कार करी, मग गाडी पुढं जाई.

बन्सीलालनं तिघांचंही ऐकलं. एकाचं ऐकून दोघांना दुखवणं त्याला बरं वाटलं नाही, आणि गल्लीत राहायचं होतं. शिवाय त्याच्या मनात लूमचा हिशेब होता: बिघाड नक्की कुठं आहे ते कळत नसेल तर सगळंच बदलून टाकायचं. खाली पत्र्यावर त्यानं डांबर ओतलं, त्यावर खात्यातल्या जुन्या पट्ट्यांचं रबर टाकलं, त्यावर लोकरीचा जाड नमदा. दरवाजांच्या पोटात हिलालच्या चिंध्या ठासल्या. एका दारात इतक्या ठासल्या की ते फुगलं, आणि ते लावायला दोन माणसांना बाहेरून पाठ लावावी लागे. छताला त्यानं अंड्यांचे ट्रे चिकटवले. ट्रे चौकातल्या आमलेटच्या लारीवाल्यानं दिले. तो फुकट द्यायला तयार होता. फक्त गाडीच्या मागं त्याच्या लारीचं नाव लिहावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मोठ्या मिनतवारीनं ते टाळलं.

शेवटचा ट्रे चिकटवून बन्सीलाल खाली उतरला, तेव्हा शोभाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"त्या बाया जैन शेतस, हाई ध्यानमा शे का?"

बन्सीलालच्या हातातून गोंदाचा ब्रश गळाला. कांदासुद्धा न खाणाऱ्या बायका, आणि त्यांच्या डोक्यावर छतभर अंड्यांची घरटी!

"आते सांगस का तू?"

"मी कालदिनच सांगेल व्हतं. आयकं कोन?"

ट्रे काढायला गेलं तर पत्रा निघून येई. गोंद तसा होता. शेवटी वरून पोपटी रेक्झिन ताणून बसवलं आणि कडेनं खिळे मारले. खालून पाहिलं तर छताला गोवर आल्यासारखं दिसायचं. "डिझाईन आहे म्हणून सांगा," पोपटराव म्हणाले. "हल्ली अशाच डिझाईन निघतात."

हे सगळं झाल्यावर बन्सीलाल गाडीत बसला, काचा वर केल्या, दारं ओढून घेतली आणि किल्ली फिरवली. शोभाबाई बाहेरून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, शेवटी पदरही हलला. आत काही आलं नाही. बन्सीलालला भरून आलं. गाडी गप्प झाली होती. मग त्याला एकदम काळजी वाटली, आणि ती काळजी लूमवाल्याशिवाय दुसऱ्याला समजणार नाही. खात्यात आवाज थांबला म्हणजे पट्टा तुटला, नाहीतर लाईट गेली, नाहीतर कोणाचा हात अडकला. आवाज नाही म्हणजे काहीतरी वाईट झालंय. त्याच्या हातानं त्याला न विचारता पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर किल्ली फिरली की दातावर दात घासून असा काही खर्रर्र आवाज निघतो की बाहेर हिलालनं दोन्ही कान धरले आणि गल्लीतलं कुत्रं घरात शिरलं.

या सवयीनं पुढं त्याचा फार छळ केला.

लोटूच्या सायलेन्सरमुळे हायवेवर एका हवालदारानं गाडी अडवली. मागं हे काय लोंबतंय, परवानगी घेतली आहे का? गाडीत फेरफार केला तर परवानगी लागते. म्हणून बन्सीलाल गाड्यांच्या सरकारी कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला.

"आवाज वाढवलाय?"

"कमी केलाय साहेब."

"मग तक्रार कोणाची आहे?"

"तक्रार नाही. परवानगी पाहिजे. आवाज कमी करायची."

साहेबांनी शेजारच्या टेबलाकडं पाहिलं. शेजारच्या टेबलानं त्याच्या पलीकडच्या टेबलाकडं पाहिलं. आवाज जास्त असला तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कमी केला म्हणून स्वतःहून आलेला माणूस त्यांच्यापैकी आजवर कोणी पाहिलाच नव्हता. साहेब चांगले होते. ते उठले, अंगणात आले आणि स्वतः गाडीत बसले. काचा बंद केल्या.

"हं, करा चालू," साहेब म्हणाले.

"चालूच आहे साहेब."

"कुठं चालू आहे? बंद गाडी आम्हाला तपासता येत नाही. चालू करा."

बन्सीलाललाही शंका आली. साहेब शिकलेला माणूस. तो बंद म्हणतो म्हणजे बंदच असेल. त्यानं किल्ली फिरवली. खर्रर्र!

साहेब सीटवरून उडाले. डोकं छताला लागलं आणि रेक्झिनखाली काहीतरी कुरकुरलं. "अहो, आवाज तर भयंकर आहे!"

"तो गाडीचा नाही साहेब. तो मी केला."

साहेबांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "जा. कोणी विचारलं तर सांगा, आम्हाला विचारलं होतं." आणि डोकं चोळत आत गेले. ही परवानगी होती की नव्हती, याचा बन्सीलालनं पुढं पुष्कळ विचार केला.

मग दक्षाबेनचा शनिवार दोन दिवसांवर आला असताना डाव्या दरवाजात काहीतरी खुडखुडलं.

दुसऱ्या गावात उंदराला उंदीर म्हणतात. सुरतेत त्या दिवसांत तसं नव्हतं. प्लेगला अजून दोन वर्षंही उलटली नव्हती. उंदीर दिसला की माणसं चप्पल शोधत नसत, गावाकडच्या गाडीचं तिकीट शोधत. दरवाजातून आधी एक मिशी आणि मग एक उंदीर बाहेर आला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि हिलालच्या जॉर्जेटचा एक जांभळा तुकडा तोंडात घेऊन परत आत गेला. घर सजवायचं काम चालू असणार.

गल्ली क्षणात रिकामी झाली. पोपटरावांनी खिडकीच्या फटीतून सांगितलं, "पाटील, मी आधीच म्हणालो होतो. चिंधी नको, नुसते ट्रे." हिलाल गच्चीवरून ओरडला, "माझा माल धुतलेला असतो! उंदीर ट्रेच्या वासानं आला!" दोन सल्लागार दोन मजल्यांवरून भांडले आणि गाडी मधे एकटी उभी राहिली. शोभाबाईनं तेवढं एक केलं: लांब काठी घेऊन दरवाजावर हाणत बसली, तो उंदीर आपला संसार टाकून गटारात जाईपर्यंत. कोणीतरी पालिकेला कळवलं होतं. माणसं लगेच आली. प्लेगनंतर ती लगेच येत. त्यांनी गाडीत आतून बाहेरून पांढरी पावडर मारली, दारं उघडी ठेवायला सांगितली आणि बन्सीलालच्या गळ्याखाली गाठी आहेत का तेही चाचपून पाहिलं. सगळ्या गल्लीसमोर. तीस वर्षांच्या मास्टरच्या गळ्याला!

त्या संध्याकाळी मुनीमचा निरोप आला. या खेपेला निरोपात स्टूल नव्हतं. "नवा मास्टर बघतोय, सोमवारपर्यंत थांबतो," एवढंच. बन्सीलालनं रात्री भाकरी अर्धी सोडली. शनिवारी हो झालं तर ठीक. नाहीतर सोमवारी त्या दारात.

शनिवारी दुपारी दक्षाबेन धरून मंडळाच्या आठ बायका कॉलनीच्या फाटकाशी उभ्या होत्या. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर टाचेला लागत होतं. दक्षाबेनसोबत त्यांच्या सासूबाई होत्या, जशोदाबा. एवढ्याशा, पांढरं लुगडं, हातात जपमाळेची पिशवी.

"बा पण येतात?" एका बाईनं हळूच विचारलं.

"येतात," दक्षाबेन म्हणाल्या. त्या शब्दात पुष्कळ काही होतं.

सगळ्या बसल्या. फुगलेलं दार बन्सीलालनं बाहेरून पाठीनं लावलं. काचा बंद. गाडी निघाली, सायलेन्सरनं फाटकापाशी एकदा जमिनीला नमस्कार केला, आणि मग शांतता.

"वाह!" दक्षाबेन म्हणाल्या. तो वाह सगळ्या गाडीत स्वच्छ ऐकू गेला. बन्सीलालनं आरशात पाहिलं. दक्षाबेन हसत होत्या. त्याच्या डोळ्यांपुढून सोमवार पुसट व्हायला लागला.

पण त्या बायकांची एक गोष्ट दक्षाबेननाही ठाऊक नव्हती. इतकी वर्षं त्या खडखडाटातच बोलत आल्या होत्या. खडखडाटात शेजारणीला जे सांगावं ते शेजारणीपर्यंतच जातं. शांततेत बोलायचं कसं, याची कोणालाच सवय नव्हती. दक्षाबेननी नेहमीसारखं शेजारणीकडं झुकून, सासूबाई घरी राहायला तयारच होत नाहीत ते सांगितलं, "बाने घेर ज राखवां हतां. पण माने तो ने!"

त्यांच्या पुढच्याच सीटवरून जशोदाबांचा आवाज आला, सगळं ऐकू येतंय म्हणून, "हुं बधुं सांभळुं छुं."

शेजारीण एकदम काचेबाहेरचा रस्ता बघायला लागली.

मागच्या एका बेननं वातावरण हलकं करायला आपल्या मैत्रिणीला कानात सांगितलं, की दक्षाबेनची अंगावरची साडी बाजारातल्या व्यापाऱ्यानं जुना माल म्हणून काढलेली आहे. ते दक्षाबेनना ऐकू आलं. मैत्रिणीनं घाबरून खाखऱ्याचा डबा उघडला आणि एक तुकडा तोंडात टाकला. तो मोडला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. कोणाच्या तरी पोटात गुडगुडलं, ते कोणाचं हेही सगळ्यांना कळलं. हळूहळू सगळ्या जणी समोर बघत, हात मांडीवर ठेवून, शोकसभेला बसल्यासारख्या बसल्या. आवाज म्हणून जशोदाबांच्या माळेच्या मण्यांचा.

इकडं बन्सीलालचं वेगळंच दुःख. इंजिन ऐकू येत नव्हतं, म्हणून गिअर कधी बदलावा ते कळत नव्हतं. दुसऱ्याच गिअरमधे तो निम्मं अंतर आला. इंजिन तापलं, खालचं डांबर तापलं, आत भट्टी झाली. काच उघडावी तर आवाज आत येईल, आणि आवाज आला तर सोमवार! त्यानं काच उघडली नाही. वर छतात गोंदालाही उकडायला लागलं होतं. आधी एका कोपऱ्यातलं रेक्झिन सुटलं आणि कोणाचं लक्ष जायच्या आत एक ट्रे तरंगत आला आणि जशोदाबांच्या मांडीवर बसला.

जशोदाबांनी तो उचलला. उलटा केला. सुलटा केला. त्यातल्या एका खळग्यात बोट घालून पाहिलं. "आ शेनुं छे?"

बन्सीलालनं नजर रस्त्यावरून काढली नाही. "सफरचंदाचं, बा," तो म्हणाला. "सफरचंदं येतात ना, काश्मीरहून, त्यात."

"इतकं लहान सफरचंद?"

"थंडीत वाढत नाहीत, बा."

मागच्या सीटवर एक बेन ताडकन पुढं झाली. "अरे, आ तो ईं..." आणि तिथंच थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. बन्सीलाल आरशात बघत होता. त्याला दिसलं, की दक्षाबेननीही तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या शेजारणीनंही. आठही जणींना ते काय आहे ते बरोबर ठाऊक होतं, आणि आठही जणींपुढं एकच पेच होता: हे अंड्यांचं आहे असं म्हणायचं, तर आपल्याला ते कुठून ठाऊक, तेही सांगावं लागणार. कोणाचा नवरा ऑफिसमधून येताना चौकात थांबतो, कोणाच्या मुलाच्या खिशाला कसला वास येतो, हे या शांततेत, जशोदाबांसमोर, कोण बोलणार?

"सफरचंदाचंच," शेवटी दक्षाबेन म्हणाल्या. "हो ना ग?"

"सफरचंदाचंच!" सात जणी म्हणाल्या.

"तो सारुं," म्हणून जशोदाबांनी त्या ट्रेनं वारा घ्यायला सुरुवात केली. कागदाचा, रुंद, हाताला हलका. वारा चांगला येत होता. तेवढ्यात दुसरा ट्रे पडला. तिसरा पडला. गरमी फार होती आणि नियम एकदा मोडला की मोडतो. पर्वत पाटिया येईपर्यंत सुरतेतल्या नऊ सोज्वळ बायका हातात अंड्यांचे ट्रे घेऊन मुकाट्यानं वारा घेत होत्या.

बाजारात सगळ्या न बोलता उतरल्या. दक्षाबेन मागं राहिल्या. बन्सीलाल दाराशी उभा होता, तोंड मुनीमसमोर करायचा तसं करून.

"भाई," दक्षाबेन आजूबाजूला बघत हळू म्हणाल्या, "तुमची गाडी फार गप्प आहे."

"होय बेन."

"एवढी गप्प चालणार नाही. आज घरात जाऊन मला काय काय ऐकावं लागणार आहे, तुम्हाला कल्पना नाही. आवाज परत आणा."

बन्सीलालला आपण खरंच बहिरे झालो असं वाटलं. "आणू?"

"पहिला होता तसाच. अगदी तसाच. पुढच्या शनिवारी आवाज असेल तर वर्षभर तुमची गाडी." जाता जाता त्या थांबल्या. "आणि ती सफरचंदं काढून टाका."

ज्या गल्लीनं गाडी गप्प केली त्याच गल्लीनं ती पुन्हा बोलती केली, आणि सल्ले तेवढेच दिले. पोपटराव म्हणाले, आवाज म्हणजे लाट, लाटेला मोकळं मैदान लागतं, पत्रा उघडा करा. हिलालनं चिंध्या परत घेतल्या आणि उंदरानं कुरतडलेल्या तेवढ्या तुमच्या, म्हणून घरात भांडून गेला. लोटूनं दुसरा सायलेन्सर कापला आणि म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो, पुंगीच बरी." खालचं डांबर काही निघालं नाही. ते राहिलं. मुनीमला बन्सीलालनं सोमवारी, येत नाही म्हणून निरोप धाडला, आणि हे भाषण त्यानं एकदाच केलं.

पुढच्या शनिवारी गाडी निघाली तेव्हा कॉलनीच्या फाटकावरचा रखवालदार दचकून उभा राहिला. आत आठ जणी एकाच वेळी बोलत होत्या. जी ती शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन बाकीच्यांविषयी काय वाटेल ते सांगत होती आणि सगळ्या एकमेकींकडं बघून गोड हसत होत्या. मंडळाचं एवढं ऐक्य कोणी पाहिलं नव्हतं. इंजिन बन्सीलालला पायाच्या तळव्यापर्यंत ऐकू येत होतं. गिअर वेळेवर पडत होते. काचा उघड्या, वारा मोकळा.

जशोदाबा या खेपेला पुढं, त्याच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. हजिऱ्यापासून बाजारापर्यंत त्या बोलत होत्या. मागून दक्षाबेनही अधूनमधून पुढं वाकून काहीतरी ओरडत. बन्सीलालला दोघींचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण त्याची त्याला सवय होती. खात्यात तीस वर्षं मुनीम लूमच्या आवाजात काहीतरी ओरडायचा आणि बन्सीलाल गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचा. पगार त्या मानेलाच मिळायचा, हात नुसते सोबतीला. जशोदाबा बोलल्या की त्यानं मान हलवली. दक्षाबेन बोलल्या की हलवली.

बाजारात उतरल्यावर जशोदाबा सुनेला ठसक्यात म्हणाल्या, "मी बन्सीभाईला सगळं सांगितलं. तो पण म्हणतो, माझंच बरोबर आहे." दक्षाबेन म्हणाल्या, "मी पण विचारलं त्यांना. ते माझ्या बाजूनं आहेत." दोघींनी बन्सीलालकडं पाहिलं. इंजिन चालूच होतं. बन्सीलालनं दोघींकडं बघून आदरानं मान हलवली. दोघींचंही समाधान झालं, आणि त्या दिवशीच दोघींनी, एकमेकींना न सांगता, पुढच्या वर्षीही हाच माणूस हवा असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी शोभाबाईनं ताट वाढलं. "काय म्हनतस त्या बाया?"

"खूश शेतस."

"खूश शेतस ते समजनं. पन बोलन्यात काय?"

बन्सीलालनं घास चावला, थोडा विचार केल्यासारखा चेहरा केला आणि गंभीरपणे मान हलवली.

शोभाबाईनं भाकरीचं टोपलं उचलून घेतलं. "मान हालावू नका," ती म्हणाली. "मी तुमनी गाडीनी सवारी नही शे."